मृगाच्या आधी बांधाकडे पाहा: देशी झाडाझुडपांचे सजीव कुंपण

वैशाखात खरिपाच्या मशागतीला जोर येतो आणि त्याच गडबडीत बांध पेटवले जातात, जेसीबीने कोरून अरुंद केले जातात किंवा त्यांच्यावर तणनाशक मारले जाते. या हंगामात सजीव कुंपण लावू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांना पहिली विनंती अशी की, रोपे आणण्याआधी एकदा आपल्या बांधावरून सावकाश चालत जावे आणि तेथे आज काय उभे आहे ते पाहावे. करवंदीची एखादी जाळी, तरवडाची दोन झुडपे, बोरीचे खुरटलेले खोड, बाभळीवर चढलेली वाघाटी एवढे सापडले तरी कुंपणाची सुरुवात झालेली आहे असे समजावे. कोणी पाणी न घालता जी झाडे अनेक उन्हाळे टिकली, ती त्या मातीला मानवलेली आहेत. आपल्याला त्यांच्यामधील खिंडारे तेवढी भरायची आहेत.

घायपात, मोगली एरंड, घाणेरी, वेडी बाभूळ आणि गिरिपुष्प ही कुंपणाची नेहमीची झाडे मुळात अमेरिका खंडातून आलेली आहेत. यांपैकी गिरिपुष्पाचा पाला हिरवळीचे खत म्हणून उत्तम असल्याने त्याची एखादी ओळ राखण्यास हरकत नाही. घाणेरी आणि वेडी बाभूळ मात्र बियांवाटे शेतात आणि गायरानात पसरतात, म्हणून ती टप्प्याटप्प्याने काढावीत. सगळा बांध एकाच वेळी उघडा करू नये, कारण या दिवसांत त्या झुडपांत पक्ष्यांची पिले असू शकतात आणि उघडी माती पहिल्याच वळवाने वाहून जाते.

देशी झुडपांचा आग्रह धरण्याचे कारण त्यांच्यातील वर्दळीत आहे. करवंदीच्या जाळीत बुलबुल घरटे बांधतो आणि पिले वाढवताना ती जोडी दिवसभर किडे व अळ्या वेचत असते. हातभर आत डोकावले तर एखाद्या फांदीला फुलोरी मधमाशीचे तळहाताएवढे एकच पोळे लटकलेले दिसते. सूर्यफुलाला आणि कांद्याच्या बियाण्याला हीच माशी उपयोगी पडते. तरवड, निर्गुडी, करंज आणि बोर वेगवेगळ्या महिन्यांत फुलत असल्याने पिकाला फूल नसतानाही मधमाश्यांना आणि मित्रकीटकांना बांधावर खाद्य मिळते. वाघाटीची गोष्ट तर घरातलीच आहे. आषाढी एकादशीचे पारणे सोडताना अनेक घरांत तिच्या फळांची भाजी लागते आणि बांध जळत गेल्यामुळे ती आता बाजारातून आणावी लागते, याचे मनापासून वाईट वाटते.

बदलत्या हवामानात या कुंपणाचा उपयोग वारा अडवण्यासाठी मोठा आहे. जळगावकडील केळी बागायतदार बागेभोवती शेवरी लावतात ती याचसाठी. कुंपणातून थोडा वारा आरपार जाऊ द्यावा, कारण भिंतीसारख्या घट्ट आडोशामागे वारा भोवरे घेऊन पिकावर आदळतो. योग्य विरळ कुंपणाचा परिणाम त्याच्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत जाणवतो, म्हणजे २ मीटर उंचीचे कुंपण २० ते ४० मीटरपर्यंतच्या पिकाला उष्ण वाऱ्यापासून आडोसा देते. उंच वाढणारा करंज, बाभूळ किंवा हिवर पश्चिमेच्या व उत्तरेच्या बांधावर घ्यावा. रब्बीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या बांधावर करवंद, तरवड, अडुळसा अशी बुटकी झुडपेच ठेवावीत, नाहीतर हरभऱ्यावर आणि गव्हावर सावली पडते.

माणदेश, अहिल्यानगर, सोलापूर, बीड अशा कमी पावसाच्या भागात बोर, हेकळ, तरवड, हिवर आणि बाभूळ यांवर भर द्यावा. विदर्भाच्या काळ्या जमिनीत निर्गुडी आणि करंज चांगले येतात. करवंद तेथे घ्यायचे असल्यास उंचवट्यावरच लावावे, कारण मुळाशी साचलेले पाणी त्याला चालत नाही. कोकणात गडग्याच्या (दगड रचून केलेल्या कुंपणाच्या) कडेने करवंद, तोरण, निर्गुडी आणि शिकेकाई घ्यावी. जेथे शेळ्यांचा वावर जास्त आहे तेथे बाहेरच्या ओळीत निर्गुडी व अडुळसा असावा, कारण त्यांचा पाला शेळ्या सहसा खात नाहीत.

बियाणे जमवण्याचे हेच दिवस आहेत. करवंदाच्या बियांची उगवणशक्ती लवकर जाते, म्हणून पिकलेल्या फळातील बी धुऊन, सावलीत सुकवून आठवड्याच्या आत पिशव्यांत लावावे. ही रोपे मात्र पुढच्या वर्षीच्या मृगाला बांधावर जातील. बाभळीचे बी शेळ्यांच्या वाड्यातून वेचावे, कारण शेंगा खाऊन रवंथ करताना शेळ्यांनी टाकलेले बी चांगले उगवते. सागरगोटा या काटेरी वेलीच्या बीचे कवच दगडासारखे असते. ते खडबडीत फरशीवर एका बाजूने आतला पांढरा भाग दिसेपर्यंत घासावे आणि बी २४ तास पाण्यात भिजवून थेट बांधावर टोकावे. निर्गुडीच्या बोटभर जाडीच्या फांद्यांची कलमे पावसाळ्यात सहज फुटतात.

बांधाच्या बाहेरच्या अंगाला मे महिन्यातच एक ते दीड फूट खोल चर खणावा आणि निघालेली माती आतल्या बाजूला उंचवट्यासारखी टाकावी. चरात पाणी मुरते आणि जनावरांनाही थोडी अडचण होते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन माती वीतभर ओली झाल्यावर या उंचवट्यावर दोन ओळींत, ६० सेंटिमीटर अंतराने, नागमोडी पद्धतीने लागवड करावी. १०० मीटर बांधाला सुमारे ३३५ रोपे लागतात. पाऊस संपताना रोपांचे शेंडे गुडघ्याच्या खाली छाटावेत. हे करताना हात धजावत नाही, परंतु शेंडा राखला तर कुंपण वर दाट आणि बुडाशी मोकळे होते आणि मग शेळी तेथूनच आत शिरते. पहिले दोन उन्हाळे बाहेरून बोरी-बाभळीच्या काटेरी फांद्या रचाव्यात आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे.

गुरे अडवण्याइतके दाट कुंपण होण्यास तीन-चार वर्षे लागतात. रानडुकरांचा उपद्रव असलेल्या ठिकाणी त्यावर एकट्यावर विसंबू नये आणि माकडांचा बंदोबस्त त्याने होत नाही.

संत्रा, मोसंबी किंवा डाळिंबाची बाग असणाऱ्यांनी बांधावर गुळवेल आणि वासनवेल वाढू देऊ नये. फळातील रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या याच वेलींवर वाढतात. हुमणीचा (पिकाची मुळे खाणाऱ्या अळीचा) प्रादुर्भाव असलेल्या ऊस व भुईमूग पट्ट्यात पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे बाभूळ, बोर व कडुनिंबावर गोळा होतात, तेव्हा संध्याकाळी फांद्या हलवून ते रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. सामाईक बांध असल्यास हद्दीची खात्री करून आणि शेजाऱ्याशी बोलूनच चर खणावा. खैर लावायचा असल्यास तो पुढे तोडण्यासाठी परवानगी लागते, हे ध्यानात ठेवावे.

होळीच्या आधी कुंपणाच्या दोन्ही बाजूंचे वाळलेले गवत कापून दोन हात रुंदीचा पट्टा मोकळा ठेवावा आणि शेजारी पाचट जाळणार असेल त्या दिवशी स्वतः बांधावर उभे राहावे. पहिल्या तीन वर्षांत आग एकदा जरी आत शिरली, तरी कोवळी रोपे बुडापासून जातात आणि खणण्यापासून सगळे पुन्हा करावे लागते.