पार्किन्सन्स किंवा डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) पेशंटला गाणी लावताय? या चुका टाळा

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे चालायला लावताना फास्ट गाणं. पार्किन्सन्समध्ये पाय जमिनीला चिकटतात आणि बाहेरून ठेका मिळाला की पाऊल सुटतं हे खरंय, मायकेल थाउट वगैरे संगीत-उपचाराच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात ते दाखवूनही दिलंय, पण म्हणून ढोलकी?

एका काकांच्या मुलाने कुठलातरी व्हिडिओ बघून फुल आवाजात लावणी लावली. काका आधीच पुढे वाकून चालणारे, ठेका गाठायच्या नादात पावलं बारीक बारीक होत धावल्यासारखी पडायला लागली आणि थांबताच येईना, गुडघा दिवाणाच्या कोपऱ्यावर आपटला, सुनेने मागून बंडी धरली म्हणून वाचले. वर चिरंजीव मलाच विचारतात, "ताई, जरा वेगळी लावणी लावून बघू का?" काय बोलणार!

मी आधी गाणं बंद करायला लावते. नेहमीच्या चालीने मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजायचं, समजा ९० पडली तर मोबाईलमधलं फुकटचं मेट्रोनोम (टिकटिक ठेका देणारं) ॲप ९० वरच ठेवायचं, ते नीट जमलं की मग ५ ते १० टक्के वाढवायचं. फिजिओला विचारून, पार्किन्सन्सच्या गोळीचा असर असताना, आणि बाजूला एक माणूस हवाच. मग गाणं लावायचंच तर केरव्यातलं (आठ मात्रांच्या तालातलं) घ्या. दादऱ्यात (सहा मात्रा, तीन-तीनचे गट) जोर एकदा डाव्या पायावर येतो, एकदा उजव्या, आधीच अडखळणाऱ्याला हा ताप कशाला? वारी केलेला माणूस असेल तर नुसते टाळ वाजवून बघा.

डिमेन्शियावाल्यांकडे वेगळीच तऱ्हा, दहा तासांची 'हीलिंग' बासरी लावून घरचे आपल्या कामाला मोकळे. अहो, आजींची शाळा-कॉलेजच्या वयातली गाणी शोधा ना! आज ऐंशी पार केलेल्या आजी १९५५ ला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं तेव्हा शाळेत होत्या. पण त्यांना ते आवडायचं का, हे मावशी-आत्याला विचारा, गृहीत धरू नका.

"ओळख बघू, कोण गातंय?" ही परीक्षा बंद करा.

यूट्यूबवर मध्येच जाहिरात किंचाळते आणि आजी दचकतात, गाणी डाउनलोड करून ठेवा.

टीव्ही बंद, अर्धा तास बास. डोळ्यात पाणी आलं तर हात धरून बसा, पण तोंड फिरवलं किंवा उठून जायला लागल्या तर लगेच बंद.

आणि "काहीच रिस्पॉन्स नाही हो" म्हणण्याआधी कानाचं मशीन घातलंय का, सेल संपलाय का ते बघा, बऱ्याच घरांत तिथेच घोडं अडलेलं असतं.