दिवाळीतले हिरवे किडे आणि घरातलं लहान मूल : या चुका टाळा

दसरा झाला की ग्वाल्हेरात दिवेलागणीला ट्यूबलाइटभोवती हिरवे तुडतुडे घोंगावू लागतात. जवळच्या डबरा गावाकडचं धान कापायला आलं की रस शोषणारे हे किडे उजेडाकडे धाव घेतात. शहराच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी सकाळी केराच्या सुपलीत त्यांचा मूठमूठ खच निघतो. अंगावर बसून कधी टोचतात, पण विषारी नाहीत आणि थंडी पडली की आपोआप जातात. पंधरावीस दिवसांच्या या पाहुण्यांसाठी रांगत्या मुलाच्या घरात विष फवारणं मला मुळीच पटत नाही. फवारा फरशीवर बसतो, आणि फरशीवरचा हात मुलाच्या तोंडात जातो.

मोठी चूक उजेडाचीच. खिडक्या उघड्या ठेवून आपण आत पांढरे दिवे लावतो. खिडक्या आधी लावा, मग दिवा. आत पिवळा, मंद बल्ब पुरतो. पांढऱ्या-निळसर उजेडावर किडे जास्त येतात. आकाशकंदीलही दाराच्या चौकटीवर नको, गच्चीच्या टोकाला टांगा. मुलांचं जेवण दिवेलागणीआधी उरकून घ्या, वरणभातात किडा पडायचा नाही.

कानात किडा गेला तर मात्र घाई घात करते. गेल्या वर्षी माझी तीन वर्षांची धाकटी जेवताजेवता कान धरून किंचाळली. मी इअरबड उचललाच होता. सासूबाई ओरडल्या, "अगं, काडी घालू नकोस, आत ढकलशील!" त्यांनी तिला मांडीवर कुशीवर घेतलं, दुखरा कान वर, आणि मनगटावर तपासून कोमट खोबरेलाचे थेंब सोडले. तिचं रडणं हुंदक्यांवर आलं, आतली फडफड थांबली. कान खाली केला तसा तेलाबरोबर इवलासा हिरवा पंख आणि मागोमाग किडा माझ्या तळव्यावर आला. तरी दुसऱ्या दिवशी कान डॉक्टरांना दाखवला. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर तेल अजिबात घालू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

याच दिव्यांवर मुंगीसारखा लांबट, काळा-नारिंगी किडाही येतो. तो अंगावर चिरडणं ही वेगळीच चूक. त्याच्या अंगातल्या रसाने कातडी पोळते आणि एकदोन दिवसांनी फोड उठतात. लोक त्या फोडांना नागीण समजून भलतेच लेप लावतात. किडा फुंकरीने उडवा. चिरडलाच तर ती जागा लगेच साबणाने धुवा आणि तो हात मुलाच्या डोळ्याला लागू देऊ नका.

बंद खोलीत मच्छर अगरबत्ती लावून बाळाला झोपवू नका. कापूर आणि डांबराच्या गोळ्या उंचावर, डब्यात ठेवा. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. मुंग्यांचा खडू तर घरात आणूच नका, मुलाला तो पाटीवरचाच वाटतो.

हिरव्या किड्यांच्या गडबडीत कूलरची टाकी विसरते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारच्या झोपेलाही पाळण्यावर मच्छरदाणी हवी. टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, या डासाची अंडी कडेला चिकटून सुकी तग धरतात. ब्रशने घासून काढा. तापात अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नका, पॅरासिटामॉलही वजन सांगून डॉक्टरांना विचारूनच.

आणि सकाळी बाळाला खाली सोडण्याआधी दिव्याखालची फरशी झाडून, ओल्या फडक्याने पुसून घ्या.