सरकारी शाळेत धर्मांविषयी शिकवताना ‘आपण’ हा शब्द जपून वापरा

संविधानाच्या कलम २८ नुसार संपूर्णपणे सरकारी निधीतून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेतील अनेक शिक्षक धर्माचा उल्लेख आला की पान उलटून पुढे जातात. तसे करण्याचे कारण नाही. मनाई आहे ती मुलांच्या मनावर एखादी श्रद्धा बिंबवण्याला आणि उपासना करवून घेण्याला. वेगवेगळ्या धर्मांचा अभ्यास म्हणून ओळख करून देण्याला नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) हा भेद स्पष्ट मांडला होता आणि सर्वोच्च न्यायालयानेही २००२ साली अरुणा रॉय खटल्यात तो मान्य केला.

पाठाची सुरुवात मुलांनी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीपासून करावी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात अनेक घरांत कानबाई ही देवी बसते: चौरंगावर नारळ, त्याला नथ व दागिने, रोटांचा नैवेद्य, रात्रीची अहिराणी गाणी आणि सोमवारी विसर्जन. प्रथम एवढेच विचारावे की तुम्ही काय पाहिले, दळण कोणी दळले, गाणी कोणी म्हटली. वर्गात नारळ आणला तरी हळदकुंकू वाहू नये, आरती म्हणू नये.

येथे माझी एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते. मी फळ्यावर ‘आपण कानबाई का बसवतो?’ असे लिहिले, आणि उत्साहाने लिहून घेणाऱ्या, तडवी समाजातील एका मुलाने पेन्सिल खाली ठेवली. त्याच्या घरी कानबाई बसत नाही. माझ्या एका शब्दाने तो स्वतःच्याच वर्गात पाहुणा झाला. ‘ते लोक’ म्हणण्यानेही हेच घडते, फक्त पाहुणा दुसरा कोणी होतो. तेव्हापासून मी मानणाऱ्यांचे नाव घेऊन वाक्य लिहितो: ‘कानबाई बसवणारी कुटुंबे असे मानतात की…’, ‘रोजा ठेवणारे असे मानतात की…’. सातपुड्यातील पावरा समाजाची होळी, बुद्धपौर्णिमा, आषाढीसाठी मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघणारी मुक्ताईची पालखी, या सर्वांना हेच वाक्य चालते.

‘सर, देव खरंच असतो का?’ हा प्रश्न येणारच. होय किंवा नाही, यांपैकी काहीही शिक्षकाने सांगू नये. कोण काय मानते हे वर्गात पाहू आणि तुझ्या घरी काय मानतात ते आईवडिलांना विचार, असे सांगावे.

वर्षाच्या आरंभीच शाळा व्यवस्थापन समितीपुढे पाठांची यादी ठेवावी, म्हणजे गैरसमज टळतात. मंदिर, दर्गा किंवा विहार पाहायला नेल्यास हात जोडण्याची सक्ती कोणावरही नको. खासगी अनुदानित शाळेत उपासना होत असेल, तर कलम २८ नुसारच तीत सहभागी होण्यास अल्पवयीन विद्यार्थ्यासाठी पालकांची संमती लागते.

चाचणीत ‘कानबाईचे महत्त्व लिहा’ असा प्रश्न देऊ नये. ‘कानबाई बसवणाऱ्या घरात रविवारी व सोमवारी काय काय केले जाते?’ असा द्यावा. त्या तडवी मुलालाही त्याचे पूर्ण गुण मिळवता येतात.