दगड पाण्यात हलका का भरतो? ताणकाट्याने प्लावक बल मोजण्याची रीत

तरंगणाऱ्या आणि बुडणाऱ्या वस्तूंची यादी केली की शाळेतील हा प्रयोग बहुधा आटोपतो. परंतु बुडणाऱ्या वस्तूलाही द्रव वर ढकलतच असतो, आणि तो किती ढकलतो हे मोजल्याखेरीज या वर ढकलणाऱ्या बलाचा, म्हणजे प्लावक बलाचा, उलगडा होत नाही. त्यासाठी ताणकाटा (स्प्रिंगचा वजनकाटा), रुंद तोंडाचे मोजपात्र, बारीक दोरा, मीठ, शेंगदाण्याचे तेल आणि एक काळा दगड एवढे साहित्य पुरते. दगड तापी, गिरणा किंवा पांझरा यांपैकी जवळच्या नदीतला गुळगुळीत गोटा असावा. खान्देशातल्या काळ्या दगडाला पुष्कळदा बारीक छिद्रे असतात व त्यांत हवा अडकून मोजमाप चुकते. म्हणून शक्यतो बिनछिद्राचा गोटा निवडावा आणि तो तासभर भिजवून, पुसून घ्यावा.

प्रथम गोटा दोऱ्याने काट्याला टांगून हवेतील वजन लिहावे. समजा ते २८० ग्रॅम आहे आणि गोटा बुडवल्यावर मोजपात्रातील पाणी ३०० वरून ४०० मिलिलिटरवर चढते. म्हणजे गोट्याचे आकारमान १०० घन सेंटीमीटर झाले. आता काटा हातात धरून गोटा अगदी सावकाश पाण्यात सोडावा. निम्मे आकारमान बुडाले की काटा २३० च्या आसपास येतो, पूर्ण बुडताच १८० दाखवतो, आणि त्यानंतर गोटा आणखी खाली नेला तरी काटा जागचा हलत नाही. येथे विद्यार्थ्यांना घाई करू देऊ नये, कारण जितके खोल तितके प्लावक बल अधिक, हा रुजलेला समज नेमका याच ठिकाणी मोडतो. गोटा तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. घटलेले १०० ग्रॅम म्हणजेच बाजूला सारलेल्या १०० मिलिलिटर पाण्याचे वजन. आर्किमिडीजचे तत्त्व ते हेच. काटा न्यूटनमध्ये असल्यास ही घट सुमारे ०.९८ न्यूटन येईल.

यानंतर किराणा दुकानातले २०० ग्रॅमचे लोखंडी माप आणि तेवढ्याच वजनाचा दगड आळीपाळीने बुडवावा. हवेत दोन्ही सारखी भरतात, पण पाण्यात लोखंडाची घट तिसाच्या आत राहते आणि दगडाची सत्तरच्या आसपास जाते. बुडलेल्या वस्तूचे वजन नव्हे, तर तिचे आकारमान प्लावक बल ठरवते.

द्रव बदलताना एक लिटर पाण्यात २०० ग्रॅम मीठ विरघळवावे. पहिला गोटा त्यात सुमारे १६८ ग्रॅम भरेल. तेल मात्र शेवटी घ्यावे, कारण गोट्याला चिकटलेले तेल पुढची मोजणी बिघडवते. तेलात काटा १८९ च्या जवळ थांबेल. उरलेले तेल दिव्याला वापरावे, स्वयंपाकात नको.

मिठाचे हेच प्रमाण बाजरी पिकवणाऱ्या घरांत ओळखीचे असेल. अरगट हा कणसात बुरशीच्या गाठी धरणारा रोग टाळण्यासाठी पेरणीपूर्वी बियाणे १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात ओततात. रोगाच्या हलक्या गाठी व पोचट दाणे वर येतात, निरोगी दाणे तळाशी बसतात. वर्गात यासाठी घरची बाजरी मूठभर आणावी. पाकिटातले रंगीत बियाणे औषध लावलेले असते, त्याला हात लावू देऊ नये. तळाचे दाणे दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत आणि खारे पाणी शाळेच्या बागेतल्या झाडांना घालू नये.