ब्लीडचा तिसरा दिवस

माझ्या मुलाला हिमोफिलिया आहे, म्हणजे त्याचं रक्त नीट गोठत नाही. सांध्यात किंवा स्नायूत आतल्या आत रक्तस्राव झाला की त्याला आम्ही ब्लीड म्हणतो. पहिल्या दिवशी मुलाला गुंतवावं लागत नाही. फॅक्टर, म्हणजे रक्त गोठायला मदत करणारं इंजेक्शन, नुकताच दिलेला असतो, गुडघा गरम आणि टरटरून सुजलेला, ते बिचारं आपणहूनच पडून राहतं. मी जवळ बसते, कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं धरते, गोष्ट सांगते. तिसऱ्या दिवशी दुखणं ओसरतं, सूज मात्र आत असतेच, आणि माझ्या मुलाला वाटतं, झालं, आता पळायचं. सहा वर्षांचा असताना अशाच एका तिसऱ्या दिवशी त्यानं पलंगावरून उडी मारली. त्याच गुडघ्यात पुन्हा रक्त. एकाच सांध्यात वारंवार रक्त साचलं की आतलं अस्तर सुजत जातं आणि मग तो सांधा लहानशा कारणानंही भरतो. म्हणून तिसऱ्या दिवसाची तयारी मी पहिल्याच रात्री करते.

खेळ निवडण्याआधी बघायचं, दुखतंय कुठे. गुडघा किंवा घोटा असेल तर हात मोकळे असतात: चित्रं, मणी ओवणं, कोडी, कागदाच्या घड्या. सगळं ताटात मांडून मांडीवर द्या, म्हणजे खाली पडलेलं उचलायला ते उतरणार नाही. पाय उंचावर ठेवा, पण नुसती गुडघ्यामागे उशी कोंबून दिवसच्या दिवस ठेवू नका. गुडघा वाकलेलाच आखडतो.

कोपराचं ब्लीड असेल तेव्हा मी एकदा मातीचा गोळा दिला होता. चूक होती ती. माती मळताना सगळा जोर कोपरावरच येतो. तेव्हा दुसऱ्या हातानं सोंगट्या सरकवायचे खेळ, नाहीतर कानाचे: गोष्टी ऐकणं, शब्दांच्या भेंड्या.

जांघेतल्या स्नायूत रक्त गेलं की सगळ्यात कठीण. पाय सरळच होत नाही, उठून बसायचीही मनाई असते, आणि हे दिवस लांबतात. आम्ही खोलीत अंधार करून टॉर्चनं छतावर हातांच्या सावल्या पाडतो. तो आडवा पडून सावल्यांची गोष्ट रचतो, मी लिहून घेते.

मोबाइल मी देते, पण तो सुई टोचताना आणि बर्फ लावताना. दिवसभर दिला तर त्या दोन वेळांना त्याचा काही उपयोग उरत नाही. भेटायला मित्र एकच, शांत स्वभावाचा. दोघं आले की झोंबाझोंबी ठरलेली.

आमच्याकडे सगळ्यात जास्त टिकलेलं काम म्हणजे त्याची वही. फॅक्टरच्या बाटलीवरचं स्टिकर तो स्वतः चिकटवतो, तारीख आणि सांधा लिहितो. रोज सकाळी मी दोन्ही गुडघ्यांचा घेर टेपनं, दर वेळी त्याच जागी मोजते, तो आकडे मांडून आलेख काढतो. रेघ उतरताना दिसली की पडून राहण्याचं कारण त्याला माझ्या ओरडण्याशिवाय पटतं. मलाही सूज वाढतेय का ते कळतं.

डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टनी परवानगी दिली की व्यायामाचाच खेळ करायचा. घोट्यानं हवेत अक्षर काढायचं, मी ओळखायचं.

दुखणं पुन्हा वाढलं, बोटं बधिर झाली किंवा मुंग्या आल्या, तर खेळ आवरा आणि डॉक्टरांना फोन करा. डोक्याला मार लागला असेल तर लक्षणांची वाट पाहू नका, थेट दवाखाना. दुखण्यावर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन मनानं देऊ नका, त्यानं रक्तस्राव वाढू शकतो.

हे सगळं सामान एका पेटीत असतं आणि ती पेटी एरवी उघडत नाही, म्हणूनच तिची ओढ टिकते. पाय पूर्ण सरळ झाला, दोन्ही गुडघ्यांचे आकडे जुळले, डॉक्टरांनी हो म्हटलं, की मी मोडलेले खडू बदलते, एक नवं कोडं घालते आणि पेटी कपाटावर ठेवते.