स्लॅगमधलं (भट्टीच्या मळीतलं) धातुरूप लोखंड कसं मोजायचं
कुपवाड एमआयडीसीत माल दाखवताना कुणी चुंबक काढलं की मी हसते. मॅग्नेटाइट हे लोखंडाचं ऑक्साइडही चिकटतं की त्याला!

ढिगाच्या चारी बाजूंनी नमुना घ्या, वाळवा, कुटा. चाळणीवर राहिलेले धातूचे मणी फेकू नका, वेगळे तोला. खरा पैसा तिथंच. भुकटी अर्धा ग्रॅम, फेरिक क्लोराइडच्या द्रावणात झाकून ढवळा. धातू विरघळतो, ऑक्साइड बहुतेक तसंच राहतं. पटकन गाळा, हवा लागली की आकडा घसरतो. गाळलेल्या द्रावणात सल्फ्युरिक-फॉस्फोरिक आम्ल आणि रंग बदलून शेवट दाखवणारं डायफिनिलअमाइन सल्फोनेट घालून डायक्रोमेटचं द्रावण थेंबथेंब टाका. हिरवट द्रावण एका थेंबात जांभळं होतं.

०.१ नॉर्मल (तीव्रतेचं माप) डायक्रोमेटच्या दर मिलिलिटरला धातू १.८६ मिलिग्रॅम धरा, ५.५८५ नव्हे, कारण मोजलं जातं ते द्रावणातलं फेरस लोखंड, आणि तीन फेरसांतलं एकच नमुन्याचं, दोन क्लोराइडचे. ब्लँक (नमुना न घालता केलेल्या चाचणीचा आकडा) वजा करायचाच, क्लोराइडची बाटली नवी असली तरी.