टँग खातो, तरी वाळतो: माझा अनुभव

खाऱ्या पाण्याच्या माझ्या मत्स्यटाकीसाठी यलो टँग हा मासा आणला तेव्हा लिंबासारखा पिवळाधमक होता. तीन आठवड्यांत पोट आत गेलं, डोक्यामागे खळगा दिसायला लागला. खात नव्हता असं नाही. पण पेलेट्स (खाद्याच्या गोळ्या) टाकले की टाकीतले क्लाउनफिश मासे फस्त करायचे आणि हा दोन घास घेऊन बाजूला. मी वेड्यासारखा पाणीच तपासत बसलो. खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, अमोनिया शून्य, सगळं ठीक.

मग डोक्यात प्रकाश पडला. हा हवाईच्या खडकांवर दिवसभर शेवाळ खरवडणारा मासा. शेळीला दोन वेळा ताट वाढून कसं भागेल? सुशीची नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा कागदासारखा पापुद्रा) आणली, बिनमिठाची, बिनमसाल्याची. क्लिपने काचेला लावली तर पठ्ठ्या तिकडे फिरकेना. शेवटी रबरबँडने एका दगडाला गुंडाळून तळाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी कडेला बारीक अर्धगोल चावे दिसले!

आता रोज सकाळी अर्ध्या तळहाताएवढा तुकडा. उरलेला संध्याकाळी काढतो, नाहीतर नायट्रेट वाढतं. दीड महिन्यात पोट भरलं. दगड उचलताना मात्र त्याच्या शेपटीजवळच्या पात्यासारख्या धारदार काट्यापासून बोटं सांभाळतो. एकदा चांगलंच कापलंय.